नाव आहे, वस्तू नाही : मोठं शहर कसं बघावं?



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत हे सहलीचं काय काढलं? पण सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण दोन-तीन दिवसांसाठी कुठल्या ना कुठल्या मोठ्या शहरात जातील. तिथे काय बघायचं याची यादी प्रत्येकाच्या फोनमध्ये असते. ‘बघणं’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मात्र त्या यादीत नसतो, आणि तो तर आपलाच प्रश्न आहे. म्हणून उदाहरणाला मुंबई घेऊ. ती सगळ्यांनी एकदा तरी पाहिलेली असते, किंवा पाहिली असं वाटत तरी असतं.

दोन दिवसांची मुंबई साधारण कशी होते? गेटवे, समोरचं ताज, मरीन ड्राइव्हवर संध्याकाळ, जुहूची भेळ, जमलंच तर सिद्धिविनायक. फोटो निघतात, पाय दुखतात, आपण परत येतो. यात वाईट काही नाही. फक्त हेच सगळं घरबसल्या चित्रातही दिसलं असतं. तिथे जाऊन जे मिळायला हवं होतं ते राहून गेलं.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, थोडंच आहे. वैशेषिकांनी जगातल्या पदार्थांची मोजदाद केली तेव्हा सुरुवातीला सहा पदार्थ मानले. पुढे त्यात सातव्याची भर पडली, तो म्हणजे ‘अभाव’. नसणं हीसुद्धा एक जाणून घेण्याजोगी गोष्ट आहे, असं त्यांनी ठरवलं. नेहमीचं उदाहरण जमिनीवरच्या घटाचं. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कळतं. कसं कळतं? नैयायिक म्हणतात, डोळ्यांनीच कळतं. भाट्ट मीमांसक म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धी नावाचं वेगळं प्रमाण लागतं. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्या कामाचा मुद्दा असा की, ज्याचा अभाव आहे ते काय होतं हे आधी ठाऊक असावं लागतं. त्याला प्रतियोगी म्हणतात. ज्यानं घटच कधी पाहिला नाही, त्याला ‘इथे घट नाही’ हे कसं कळणार? त्याला नुसती जमीन दिसेल.

मोठ्या शहरात आपलं नेमकं हेच होतं. आपल्याला नुसती जमीन दिसते. जे होतं आणि आता नाही ते दिसत नाही, कारण ते होतं हेच ठाऊक नसतं. मग त्याची खूण कुठे मिळते? नावात. शहर वस्तू हलवतं, पाडतं, बुजवतं. पण नाव सहसा राहतं. स्टेशनच्या पाट्या वाचा, बस कंडक्टर काय ओरडतो ते ऐका. आणि प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारा : या नावाची वस्तू कुठे आहे?

चला, चालायला लागू. पहिला दिवस चर्चगेटपासून. स्टेशनातून बाहेर पडलो की गेट कुठे आहे? नाही. चर्च? तेही समोर दिसत नाही. इंग्रजांच्या मुंबईभोवती किल्ल्याची तटबंदी होती आणि तिला तीन मुख्य दरवाजे होते. त्यातला एक सेंट थॉमस चर्चकडे जाणारा, म्हणून चर्च गेट. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तट पाडला, दरवाजे गेले. आपण या भागाला अजून ‘फोर्ट’ म्हणतो. फोर्ट मात्र नाही.

स्टेशनवरून वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे चाला. उजव्या हाताला ओव्हल मैदान लागेल. त्याच्या मधोमध जाऊन उभं राहा, इथे दहा मिनिटं द्याच. पूर्वेकडे तोंड केलं की उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर अशी एकोणिसाव्या शतकातली गॉथिक दगडी रांग दिसते. मागे वळलात की १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोलाईचे सज्जे, फिकट रंग. या दोन्ही मिळून २०१८ साली जागतिक वारसा ठरल्या. पण इथे नाही काय? समुद्र. गॉथिक इमारती बांधल्या तेव्हा त्या समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या. पुढे भराव घालून पाणी मागे ढकललं, त्या नव्या जमिनीवर आर्ट डेको घरं आली आणि त्यांच्या पलीकडे मरीन ड्राइव्ह. हे कळलं की संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसताना पाठीमागची जमीन वेगळी वाटायला लागते.

राजाबाई टॉवरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १८७८ साली तो पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने त्याला देणगी दिली. पैसा आला कापसातून. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तर कापूस लक्षात ठेवायचा.

तसंच पुढे गेलात की हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, जुन्या चर्च गेटच्याच जागी उभं आहे. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला होता. स्मारकावर मशाल धरलेले दोघे कोण आहेत ते नीट बघा : एक शेतकरी, एक कामगार. हा कामगारही लक्षात ठेवा. त्याच रस्त्याने आणखी चार पावलं गेलात की ते चर्च येतं, १७१८ सालचं. गेटच्या नावातला अर्धा भाग सापडला!

तिथून काळा घोडा. हे नाव एका पुतळ्यावरून पडलं. सातवा एडवर्ड राजा युवराज असतानाचा तो घोड्यावरचा पुतळा. १९६५ साली तो हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, तरी लोक ‘काळा घोडा’च म्हणत राहिले. शेवटी २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवला, या खेपेस स्वाराविना. म्हणजे इथे नावानंच वस्तूला परत बोलावून घेतलं, आणि राजा तेवढा वगळला. शेजारी डेव्हिड ससून वाचनालय आहे, समोर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. संग्रहालयाला तीन तास ठेवा, घाईने करू नका. गेटवे पाच-सात मिनिटांवर आहे. १९२४ साली तो पूर्ण झाला आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण त्याच कमानीखालून निघून गेली. राजाच्या स्वागताची कमान निरोपाच्या कामी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घारापुरी करायची असेल तर सोमवार सोडून जा. लेणी त्या दिवशी बंद असतात. गेटवेवरून लाँच मिळते, तासभर लागतो, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की ती बंदही राहते. तिथला सदाशिव, ज्याला आपण त्रिमूर्ती म्हणतो, तो अंधारात डोळे स्थिरावल्यावरच दिसू लागतो. फोटो नंतर काढा, आधी पाच मिनिटं गप्प उभे राहा. आणि ‘एलिफंटा’ हे नाव? पोर्तुगिजांना बेटावर दगडी हत्ती दिसला म्हणून ते पडलं. हत्ती आज बेटावर नाही. इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो कोसळला. पुढे तुकडे जोडून भायखळ्याला उभा केला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी. राजाचा घोडाही त्याच बागेत. तेव्हा भायखळ्याला जायलाच हवं.

संग्रहालय १८७२ चं आहे, बुधवारी बंद असतं. आत मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींची, कारागिरांची मातीची छोटी मॉडेल्स आहेत. दक्षिणेत आपण पैसा देणाऱ्यांच्या इमारती बघतो. इथे हातांनी कामं करणारे निदान बाहुल्यांच्या रूपात तरी भेटतात.

आता आजच्या बोलण्यातला मुख्य भाग. भायखळ्याहून लोकलने पुढे चिंचपोकळी, करी रोड, परळ. हा सगळा भाग म्हणजे गिरणगाव. ‘गिरण्यांचं गाव’ या नावाची वस्तू कुठे आहे? १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढची सव्वाशे वर्षं भोंग्यावर चालणारं एक शहरच इथे होतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप संपला असं कुणी जाहीर केलं नाही; गिरण्याच संपत गेल्या. आज त्या आवारांत मॉल आहेत, कचेऱ्या आहेत, टॉवर आहेत. गेटवर मात्र फिनिक्स, कमला अशी गिरण्यांचीच नावं. कुठेकुठे एखादं धुराडं अजून उभं आहे.

घोडा हलवला, तो दुसरीकडे सापडतो. समुद्र मागे ढकलला, तो मरीन ड्राइव्हपाशी भेटतो. गिरणीचं तसं नाही. फुटलेला घट दुसरीकडे सापडत नसतो. शास्त्रात त्याला प्रध्वंसाभाव म्हणतात. आणि इथे प्रतियोगी म्हणजे नुसता साचा नाही, माणसं आहेत. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून आलेले पुरुष. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे, पहिल्या तारखेला मनीऑर्डर करणारे. तुम्हा ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात असा एक आजोबा किंवा चुलतआजोबा असेल. मग आपण मुलांना घेऊन मुंबईला जातो, राजाच्या कमानीसमोर फोटो काढतो, आणि आपलाच आजोबा ज्या चाळीत राहिला त्या लालबाग-परळवरून पुलावरच्या टॅक्सीतून निघून जातो. मुलांना नुसती जमीन दिसते, कारण घट कसा होता ते आपण सांगितलेलं नसतं.

म्हणून निघण्यापूर्वी घरात विचारा : आपलं कोण होतं मुंबईत? कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, कुठल्या चाळीत? एवढी माहिती खिशात घेऊन लोअर परळच्या पुलावर उभे राहा. राजाबाई टॉवरचा कापूस आणि हुतात्मा चौकातला कामगार, दोन्ही इथे जुळतात.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. लोकलने फिरा, पण वेळ बघून. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाहुण्यांनी शिरू नये. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आधी पाहा. आपलं स्टेशन कुठल्या बाजूला येतं ते शेजारच्याला विचारून दाराशी वेळेत सरका. मुंबईकर ते आनंदाने सांगतो. फोर्ट बघायला रविवार सकाळ छान, रस्ते मोकळे असतात. पण शहर कामात कसं असतं ते बघायला कामाचा दिवस हवा. साडेअकराच्या सुमाराला चर्चगेटबाहेर डबेवाले डबे लावत असतात, ते पाहण्यासारखं आहे. मात्र त्यांच्या वाटेत उभं राहू नका. आणि दिवसाला एकच भाग घ्या. दादर, जुहू, गेटवे असं एका दिवसात केलं तर पाहून होतो तो फक्त रस्ता.

हे सूत्र मुंबईपुरतं नाही. पुण्याचा लकडी पूल लाकडाचा नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटच्या टोकाशी फ्लीट नदी अजून वाहते आहे, पण जमिनीखालून. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर ती भिंत नाही. परदेशातून ऐकणाऱ्यांनी आपापल्या गावात करून बघावं.

वेळ आहे, दोन प्रश्न घेऊ.

श्रोता : लहान मुलं सोबत असतील तर एवढं सगळं कसं जमणार, सर?

मुलांना तर हे आपल्यापेक्षा लवकर जमतं. त्यांना पाच नावं द्या : चर्चगेट, काळा घोडा, धोबी तलाव, बोरीबंदर, गोवालिया टँक. ‘गेट, घोडा, तलाव, बंदर, टाकी शोधून दाखवा.’ बोरीबंदरला बंदर नाही, पण १६ एप्रिल १८५३ ला तिथूनच पहिली गाडी ठाण्याला गेली आणि पुढे त्याच जागी आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उभं राहिलं, हे मग आपोआप सांगता येतं. गोवालिया टँकला टाकी दिसत नाही, पण १९४२ चं ऑगस्ट क्रांती मैदान तेच. आणि सगळं शोधून दमली की वाळकेश्वरला बाणगंगेवर न्या. तिथे नावही आहे आणि पाणीही आहे.

श्रोता : गिरण्या गेल्या, मॉल आले, तिथेही लोकांना काम मिळालंच. मग त्यात हळहळण्यासारखं काय?

हळहळा, असं आपण म्हटलंच नाही. झालं ते बरं की वाईट, यावर दोन बाजू आहेत आणि आपण सगळे त्यावर भांडू शकतो. पण भांडायला तरी तिथे काय होतं ते माहीत हवं की नको? मॉलमध्ये जरूर जा, कॉफी प्या. पिता पिता खिडकीतून ते धुराडं दिसलं तर मुलाला सांगा, ते कशाचं आहे. पुढचं मत त्याचं त्याला ठरवू द्या.

थांबू या इथे. नमस्कार.