खालच्या सुराची सोबत

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमास आपण जातो, तेव्हा आपले लक्ष प्रथम गायकाकडे, मग बासरी वा व्हायोलिन वाजविणाऱ्याकडे आणि त्यानंतर तबलजीकडे जाते. मागच्या रांगेत, बहुधा तालवाद्यांच्या शेजारी, लांब दांड्याचे चार तारांचे वाद्य खांद्याला अडकवून एक जण उभा असतो. निवेदक त्याचे नाव सर्वांत शेवटी घेतो. त्याच्या वाद्यास बास गिटार म्हणतात. त्याने काय वाजविले हे घरी परतणाऱ्या श्रोत्यांपैकी क्वचितच कोणी सांगू शकेल; परंतु तो नसता तर गाणे पोकळ वाटले असते, एवढे मात्र बहुतेकांना जाणवले असते.

जबलपूरच्या सराफ्यात राहून, दिवसा भाषांतराचे काम करून, सायंकाळी हे वाद्य वाजविण्याचा छंद प्रस्तुत लेखकास गेली काही वर्षे जडला आहे. या छंदातून जे शिकावयास मिळाले, ते आपल्या मुलांच्या हाती कोणते वाद्य द्यावे या विचारात असलेल्या कुटुंबांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

तानपुऱ्याची चौथी तार

खालचा सूर आपल्याला मुळीच परका नाही. तानपुऱ्याच्या चार तारांपैकी पहिली पंचमात किंवा मध्यमात, मधल्या दोन षड्जात आणि चौथी खर्जात मिळवितात. ही चौथी तार सर्वांत जाड असते. ती बंद ठेवून उरलेल्या तीन छेडून पाहाव्यात. मैफिलीच्या पायाखालची जमीनच सरकल्यासारखे वाटते. पहाटे उठून खर्ज भरण्याची शिस्त आपल्या गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, ती याच कारणासाठी. ज्या मिरजेच्या तानपुऱ्यांवर महाराष्ट्राचे गाणे वाढले, त्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

भेद इतकाच की, तानपुऱ्याचा खर्ज एका जागी स्थिर राहतो, तर बासचा सूर चालतो. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी तीन-चार स्वरांचा समूह वाजतो आणि गाणे पुढे जाईल तसा तो समूह पालटत जातो. प्रत्येक समूहाच्या तळाशी कोणता स्वर असावा, हे बासवादक ठरवितो. वर गायक तोच स्वर गात असला, तरी खालचा स्वर बदलताच त्याचा भाव बदलतो. शिवाय हा स्वर ढोलाच्या ठोक्याबरोबर पडावयास हवा. म्हणजे एक हात सुराकडे आणि दुसरा तालाकडे, असे हे दुहेरी काम आहे.

पूर्वी हे काम माणसाहून उंच अशा डबल बासकडे असे. ते वाहून नेणे कष्टाचे, आणि मोठ्या वृंदात त्याचा आवाज बुडून जाई. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गिटारसारखे आडवे धरता येणारे विजेवरचे बास बाजारात आणले. सतारीला असतात तसे त्याच्या दांड्यावर पडदे असल्यामुळे स्वर अचूक पडे. म्हणून त्याचे नावच ‘प्रिसिजन’ ठेवण्यात आले. त्याच्या चार तारांपैकी सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ कंपने करते आणि सर्वांत वरची ९८. प्रत्येक तार तिच्या खालच्या तारेचा मध्यम असते, हे सांगितले म्हणजे हार्मोनियम जाणणाऱ्यास सारी मांडणी एका क्षणात उमगते.

सराफ्यातील सूर

सराफा म्हटला की, सोन्याचांदीच्या पेढ्या आणि अरुंद गल्ल्या डोळ्यांपुढे येतात. जवळच कमानिया गेट आहे. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची ती आठवण होय. नवरात्रात सुनरहाई व नुनहाई येथील देवी बुंदेली दागिन्यांनी मढविल्या जातात आणि त्यांच्या दर्शनास सारे शहर लोटते. बाहेरच्या वाचकास येथे बास गिटारचे काय काम, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण खालच्या सुराची ओळख या गल्ल्यांना फार जुनी आहे. ती वरातीच्या बँडमधून आली.

पितळी बँडमध्ये पुढे क्लॅरिनेट व ट्रंपेट गाण्याची चाल वाजवितात आणि मागे युफोनियम व सूसाफोन तिला आधार देतात. अंगाभोवती वेटोळे घेतलेला आणि डोक्यावर भल्या मोठ्या कर्ण्याचे तोंड उघडलेला तो सूसाफोन लहान मुलांना नेहमीच गमतीचा वाटतो. खरे म्हणजे साऱ्या वरातीची पावले त्याच्या तालावर पडत असतात. जबलपूरच्या श्याम बँडने या क्षेत्रात दूरवर नाव मिळविले. शहरात ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या पलटणींची केंद्रे आहेत, तेव्हा लष्करी बँडचे सूरही येथे नवे नाहीत. लष्करी वादकांना शिक्षण देणारी संस्था याच मध्य प्रदेशात, पचमढी येथे, १९५० पासून आहे.

आणखी एक थोर परंपरा रेल्वेने काही तासांच्या अंतरावर, मैहर येथे आहे. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास तेथे अनाथ मुलांना एकत्र करून वाद्यवृंद उभारला. साथीच्या रोगाने ज्यांचे आईबाप नेले, अशी ती मुले. बंदुकीच्या नळ्यांपासून खाँसाहेबांनी नलतरंग हे वाद्य तयार करविले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्याच वृंदात सतार व इसराज यांच्या जोडीला विलायती चेलोही होता, हे सहसा कोणी सांगत नाही. रागसंगीत वाजविणाऱ्या वृंदासही तळाला गंभीर आवाजाची गरज असते, हे त्या महान शिक्षकाने ओळखले होते.

आमचा लहानसा वृंद

आमच्या वृंदात आम्ही पाच जण. एक शाळेत शिकवितात व गातात, एक बँकेत नोकरीस असून कीबोर्ड वाजवितात, एक औषधविक्रेते तबला आणि ढोलक सांभाळतात. पाचवे गृहस्थ लष्करी बँडमधून निवृत्त झालेले युफोनियमवादक. त्यांना आम्ही सारे सुभेदारसाहेब म्हणतो. त्यांनीच मला पहिला धडा दिला. नवशिक्या वादकाला बोटे सतत हलविण्याची हौस असते. त्यांनी मला सांगितले की, बेटा, संचलनात पावले स्वरावर पडतात तशी दोन स्वरांमधील मोकळ्या जागेवरही पडतात. ती जागा भरून टाकलीस तर जवानाने पाय उचलायचा केव्हा? त्यानंतर महिनाभर मी प्रत्येक गाण्यात निम्मेच स्वर वाजविले आणि गाणी पहिल्यापेक्षा चांगली वाजू लागली.

दुसरा धडा गणेशोत्सवातील एका कार्यक्रमात मिळाला. मध्यंतरानंतर माझ्या अँप्लिफायरचा फ्यूज उडाला आणि दोन गाणी बासवाचून झाली. कोणाही श्रोत्याने तक्रार केली नाही. परंतु टाळ्यांचा ठेका सैल पडला, आणि पुढच्या रांगेतील एका आजींनी गाणाऱ्या गुरुजींचा आवाज बसला आहे का, असे शेजारणीस विचारले. गुरुजींचा आवाज उत्तम होता. ते नंतर म्हणाले, जिना उतरताना पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि ती नसावी, तसे त्यांना झाले होते.

साहित्य आणि त्याची निगा

या छंदास फार पैसा लागतो, ही समजूत पूर्णपणे खरी नाही. शिकण्यापुरते चांगले बास आज १० ते २० हजार रुपयांत मिळते. जुने त्याहून स्वस्त. घेताना दांडा सरळ आहे की नाही हे प्रथम पाहावे. दांड्याच्या आत एक पोलादी सळई असते. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन दांडा वाकू लागला की, किल्लीने ती सळई किंचित फिरवून तो ताळ्यावर आणतात. वाद्याचे वजन चार किलोच्या आसपास असते, म्हणून खांद्यावरचा पट्टा रुंद घ्यावा. तारा महाग असतात. त्या मळून मंद वाजू लागल्या म्हणजे पाण्यात उकळून, पुसून, नीट वाळवाव्यात. आणखी काही आठवडे त्या कामास येतात.

शेजारधर्माचा विचार मात्र अवश्य करावा. सर्वांत खालच्या स्वराची ध्वनिलहर आठ मीटरांहून लांब असते. अशी लहर भिंतीला जुमानत नाही. सराफ्यासारख्या दाटीच्या वस्तीत, जेथे एका घराची भिंत ती दुसऱ्याचीही भिंत, तेथे रात्रीचा सराव कानावरच्या हेडफोनवरच करणे योग्य. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु नियम नसता तरी शेजारच्या आजारी माणसाची झोप हीच खरी मर्यादा समजली पाहिजे.

मागच्या रांगेतील थोर मंडळी

आवडते संगीत कोणते, असे विचारल्यास दोन नावे प्रथम ओठांवर येतात. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे बास ज्याने एकदा लक्ष देऊन ऐकले, त्याला ती गाणी पुन्हा पूर्वीसारखी ऐकू येत नाहीत. दुसरे नाव अमेरिकेतील डेट्रॉइट शहरच्या जेम्स जेमर्सन यांचे. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते तारा छेडीत आणि जुन्या तारा सहसा बदलीत नसत. मोटाउन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गीतांना त्यांनी आधार दिला. तथापि वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रिकेवर त्यांचे नाव छापले गेले नाही. १९७१ साली मार्विन गे यांच्या एका संग्रहावर ते झळकले. १९८३ मध्ये ते निवर्तले, आणि मोठा सार्वजनिक गौरव झाला तो २००० साली.

आता काळ पालटत आहे. मुंबईत १९९६ साली जन्मलेल्या मोहिनी डे यांनी वडिलांपाशी लहानपणीच हे वाद्य शिकून ए. आर. रहमान आणि झाकीर हुसेन यांच्यासारख्यांना साथ केली. बास हे धिप्पाड पुरुषाचे वाद्य, या कल्पनेस आता काही आधार उरलेला नाही.

यंत्र आणि माणूस

बासवादकाची जागा यंत्राने घ्यावी, हा विचार जुनाच आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी टीबी-३०३ नावाचे एक छोटे यंत्र काढले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकास बासची साथ मिळावी, हा त्यामागील हेतू. माणसाच्या बोटांची नक्कल त्यास साधली नाही आणि काही वर्षांतच त्याचे उत्पादन बंद पडले. परंतु चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी मुंबईत त्याच यंत्रावर राग बसवून १९८२ साली एक ध्वनिमुद्रिका काढली. तिचे महत्त्व जगाने पुष्कळ वर्षांनी जाणले. यंत्राला माणसाचे सोंग घ्यावयास न लावता त्याच्या अंगचे गुण ओळखले, तेव्हा त्यातून कला निर्माण झाली.

आमच्यापुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. एका मंडळाच्या चालकांनी कळविले की, खर्च कमी करावयाचा आहे. बास कीबोर्डच्या डाव्या हाताने वाजेल आणि युफोनियमची तर गरजच नाही, तेव्हा तिघांनीच यावे. बिदागी एवढीशी असते आणि आम्ही कोणी तीवर पोट भरीत नाही, ही गोष्ट खरी. पण सुभेदारसाहेबांच्या आठवड्यात त्या तालमीखेरीज दुसरे काही उरलेले नव्हते. त्यांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी निवर्तल्या होत्या. बँकेतील मित्र म्हणाले, तिघांची बिदागी पाच जणांत वाटू. मंडळाने तेही मानले नाही. त्यांनी आधी मुद्रित केलेल्या साथीवर गाणारा एक कलावंत बोलाविला. कार्यक्रम व्यवस्थित पार पडला, असे ऐकले.

तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदा, रविवारी सायंकाळी, गुरुजींच्या शाळेच्या खोलीत विनामूल्य वाजवितो. श्रोते चाळीसच्या वर जात नाहीत. यंदा त्यांपैकी तीन मुले सुभेदारसाहेबांकडे शिकावयास येऊ लागली आहेत. त्यांतील एक बारा वर्षांची मुलगी युफोनियममध्ये फुंकर घालता घालता लाल होते, पण सोडीत नाही.

घरातील मुलास वा मुलीस संगीताची आवड असेल, तर सर्वांनी गायक वा एकल वादकच व्हावे असा आग्रह पालकांनी धरू नये. साथीच्या वाद्यात दुसऱ्याचे ऐकण्याची सवय लागते, आणि ती सवय संसारातही उपयोगी पडते. प्रारंभ अगदी साधा आहे. आपल्या आवडीचे एखादे जुने गाणे मोबाइलच्या लहानशा ध्वनिक्षेपकाऐवजी चांगल्या हेडफोनवर लावा, शब्दांकडे क्षणभर दुर्लक्ष करा, आणि सर्वांत खालचा आवाज कोठे जातो ते पाहा. एका कडव्यापुरते का होईना, त्याच्याबरोबर गुणगुणता आले म्हणजे पहिला धडा झाला.