सोळा आण्यांचा हिशेब आणि यंत्राची भाषा

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की पालघर-बोईसरच्या घराघरांत एक प्रश्न निघतो. मुलीने सायन्स घ्यायचं ठरवलं, मग बायफोकलला संगणकशास्त्र घ्यावं का? लगेच कोणीतरी सांगतं, त्यात 'असेम्ब्ली लँग्वेज' नावाचं अवघड प्रकरण आहे, मुलींना ते झेपत नाही. हे प्रकरण म्हणजे नेमकं काय, ते आज आपण बघू. वही-पेन्सिल जवळ असेल तर घेऊन बसा.

मोबाइल, वॉशिंग मशीन, सातपाटीच्या मासळी बाजारातला इलेक्ट्रॉनिक काटा, तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांचे कंट्रोल पॅनल, या सगळ्यांच्या पोटात हिशेब करणारी एक चिप असते. तिला मराठी कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही. तिला कळतात फक्त आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे एक हुकूम. माणसाला नुसते आकडे लक्षात ठेवणं कठीण, म्हणून प्रत्येक हुकमाला छोटं नाव दिलं. त्या नावांची भाषा म्हणजे असेम्ब्ली.

या चिपची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ नावाची चिप बाजारात आणली. ती मुळात बनली होती बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी. पुढे १९७४ला ८०८० आली आणि १९७६ला तिच्या वंशात दोन बहिणी आल्या. इंटेलची ८०८५, आणि झायलॉग कंपनीची झेड-८०. झेड-८० बनवणारे फेडेरिको फॅजिन हे आधी इंटेलमध्ये ४००४च्या कामात होते. आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला संगणकशास्त्राच्या दुसऱ्या पेपरात मुली शिकत आल्या ती ८०८५. झेड-८० गेली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये. समीकरण टाकलं की हा कॅल्क्युलेटर पडद्यावर त्याचा आलेख काढून दाखवतो. अमेरिकेतल्या शाळांत तो सर्रास वापरतात. आपल्याकडे बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतं. म्हणजे ते यंत्र आपल्या मुलींच्या हातात नाही, पण त्याची भाषा त्यांच्या वहीत आहे.

आता हुकूम कसा द्यायचा ते बघू. घरात आपण म्हणतो, "चहा टाक." एवढं पुरतं. पण समोरच्याला फक्त उचल, ओत, ठेव, थांब इतकेच शब्द येत असतील तर? मग सांगावं लागेल: पातेलं उचल, पाणी ओत, गॅसवर ठेव. एकही पायरी गाळून चालणार नाही. चिपचं तसंच आहे. तिच्याजवळ 'ए', 'बी', 'सी' अशा नावाच्या मोजक्या वाट्या असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. मांडणीवर नंबर घातलेले हजारो डबे असतात, ती मेमरी. बेरीज करायची तर त्यातला एक आकडा 'ए' वाटीतच असावा लागतो, आणि उत्तरही तिथेच मिळतं.

आकडे मात्र आपल्या दहाच्या पाढ्याने नसतात, सोळाच्या हिशेबाने असतात. इथे मुली घाबरतात. पण आजीला विचारा, तिने सोळा आण्यांचा रुपया ऐकलेला आहे. शून्य ते नऊ आणे नेहमीसारखे लिहायचे. दहा आण्यांना ए, अकराला बी, बाराला सी, तेराला डी, चौदाला ई, पंधराला एफ. सोळा आणे झाले की एक रुपया. मग '३ई' म्हणजे तीन रुपये चौदा आणे, म्हणजेच ६२ आणे. एका डब्यात जास्तीत जास्त 'एफएफ' मावतं. पंधरा रुपये पंधरा आणे, म्हणजे २५५.

आता पाच आणि तीन यांची बेरीज करू. डावीकडे हुकमाचं नाव, उजवीकडे चिपला कळणारे आकडे:

एमव्हीआय ए, ०५ : ३ई ०५ ('ए' वाटीत पाच घाल)
एमव्हीआय बी, ०३ : ०६ ०३ ('बी' वाटीत तीन घाल)
एडीडी बी : ८० ('बी'मधले 'ए'मध्ये मिळव)
एसटीए २०५० : ३२ ५० २० (उत्तर २०५० नंबरच्या डब्यात ठेव)
एचएलटी : ७६ (थांब)

डब्याचा नंबर उलटा लिहिलाय, आधी ५०, मग २०. ती छपाईची चूक नाही, या चिपची रीतच तशी आहे.

पाच हुकूम, नऊ आकडे, झाला प्रोग्रॅम. झेड-८०मध्ये हुकमांची नावं वेगळी आहेत. 'एमव्हीआय ए'ला तिथे 'एलडी ए' म्हणतात. पण आकडा तोच, ३ई. फरक दोन ठिकाणी करावा लागतो. कॅल्क्युलेटरमध्ये डब्यांचे नंबर निराळे असतात. आणि शेवटी 'थांब' म्हणायचं नसतं, 'परत जा' म्हणायचं असतं. तो हुकूम आरईटी, आकडा सी९. तो विसरला तर कॅल्क्युलेटर अडकून बसतो, आणि कधी कधी त्यातलं साठवलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून शिकणाऱ्याने आधी सिम्युलेटरवर करून बघावं.

खरी मेख पुढे आहे. बचत गटाचे २०० आणि १०० मिळवा. उत्तर ३००. पण वाटीत मावतात २५५. मग चिप काय करते? २५६चा एक हातचा बाजूला काढते आणि वाटीत ४४ ठेवते. हातच्याला तिथे कॅरी म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणारीने "हातचा आला का?" असं विचारणारी ओळ घातली नाही, तर ३००च्या जागी ४४ लिहिले जातील आणि यंत्र जराही कुरकुर करणार नाही. आपल्या गटाच्या वहीत हातचा विसरला तर महिनाअखेरीला कोणीतरी बोट ठेवतं. यंत्रात ते बोट आधीच ठेवावं लागतं. ही सवय लागली की मुलगी पुढे डिप्लोमाला जावो, कारखान्याच्या पॅनलवर काम करो की बँकेत बसो, "यंत्राने सांगितलं म्हणजे बरोबरच" असं ती म्हणणार नाही.

सुरुवात कशी करायची? पहिला आठवडा फक्त कागद. वाट्या आणि डबे काढा आणि एकेक हुकूम देऊन त्यात काय बदललं ते पेन्सिलीने लिहा. आईला इंग्रजी येत नसलं तरी ती शेजारी बसून आण्यांचा हिशेब तपासू शकते. दुसऱ्या आठवड्यात ८०८५चा मोफत सिम्युलेटर कॉलेजच्या संगणकावर किंवा मोबाइलवर चालवून कागदाशी ताळा बघा. मग २०० आणि १०० घालून हातचा पकडा. प्रवेश घेताना मात्र एवढं विचारून घ्या: या कॉलेजात हा विषय आहे का, प्रॅक्टिकल खरंच होतं का, आणि त्याच्याबदल्यात कोणते विषय सुटतात.

विषय अवघड आहे की नाही ते मुलीने वही उघडून ठरवावं. ऐकीव गोष्टीवरून आपण तिचा फॉर्म भरू नये. येत्या बैठकीत १९०मध्ये ९० मिळवून बघा. वाटीत किती उरतील आणि हातचा किती?