उद्यानाचे नाव आणि ओढ्याची आठवण

पुण्याच्या सारसबागेतील गणपतीचे नाव सिद्धिविनायक. जुने पुणेकर मात्र त्याला आजही 'तळ्यातला गणपती' असेच म्हणतात. मंदिराभोवती कमळांचे थोडेसे पाणी आहे, पण ते मूळचे तळे नव्हे. खरे तळे अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी, आंबील ओढ्याच्या पाण्यावर, करविले होते. तळ्याच्या मध्यभागी बेट राखले गेले, बेटावर बाग फुलली आणि १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत तेथे गणेशाची स्थापना झाली. पुढे विसाव्या शतकात तळे नाहीसे झाले आणि त्या जागी हिरवळ आली. पाणी गेले, तरी लोकांच्या तोंडचे नाव राहिले. शेजारून वाहने धावत असताना एखादे लहान मूल आजोबांना विचारते, "येथे तळे कोठे आहे?" आणि आजोबांना अडीचशे वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. हे काम त्या एका नावाने साधले आहे.

सगळ्याच उद्यानांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. शहराच्या कोणत्याही प्रभागात गेल्यास दोन बाके, चार झोपाळे आणि चालण्याची एक वाट असलेले छोटे उद्यान आढळते. त्याच्या कमानीवर कोणा नेत्याचे, दात्याचे किंवा दिवंगत नगरसेवकाच्या मातापित्यांचे नाव असते. त्यात वावगे काही नाही. परंतु अशी कितीतरी उद्याने ओढ्यांच्या व नद्यांच्या काठीच का असतात, याचा विचार फारसा होत नाही. पूररेषेच्या आत बांधकामाला मज्जाव असतो. मोकळी राहिलेली ती काठाची पट्टी मग उद्यानासाठी उपयोगात येते. म्हणजे ते उद्यान तेथे आहे याचे कारणच पुष्कळदा तो ओढा असतो. नावात मात्र त्याचा मागमूस नसतो. म्हणूनच अशा छोट्या उद्यानांना तेथील पाण्याचे जुने नाव परत द्यावे, ही सूचना वरवर किरकोळ वाटली तरी तिच्यामागे गंभीर कारण आहे.

विस्मरणाची किंमत

जुने पुणे मुठा नदी, पूर्वेकडील नागझरी आणि पश्चिमेकडील आंबील ओढा यांच्या दरम्यान वसले. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. एके काळी तो शहराच्या पश्चिम अंगाने वाहत मुठेला मिळत असे. पेशवाईत त्याचा प्रवाह वळविला गेला, आणि ज्या भूमीवरून तो वाहत होता तेथे पेठा वसल्या, रस्ते आले, दुकाने थाटली गेली. वरच्या भागात, धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर या बाजूला, तो आपल्या मूळ वाटेनेच येत राहिला. शहर वाढत गेले तसतसे त्याचे पात्र आक्रसत गेले. सीमाभिंती उभ्या राहिल्या, भराव पडले, आणि नव्याने राहावयास आलेल्या पिढीच्या लेखी तो केवळ एक 'नाला' ठरला.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात अतिवृष्टी झाली आणि काही तासांतच आंबील ओढ्याने आपली जुनी वहिवाट परत मागितली. सोसायट्यांच्या वाहनतळांत पाणी घुसले, मोटारी एकमेकींवर चढल्या, अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसे दगावली. पुणे शहर व परिसर मिळून वीसहून अधिक जणांनी त्या पुरात प्राण गमावले. ज्यांच्या दाराशी पाणी आले त्यांपैकी अनेकांना आपण ओढ्याच्या पात्रालगत राहतो याची कल्पनाही नसावी.

मुंबईची मिठी नदी हे याच विस्मरणाचे आणखी मोठे उदाहरण. विहार व पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. तिला नाव होते, नकाशावर रेषाही होती. तरीही २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हाच लक्षावधी मुंबईकरांना आपल्या शहरातून नदी वाहते हे प्रथम उमगले. धारावीलगत, मिठीच्या अगदी काठी, कचराभूमीवर साकारलेले सुंदर वनोद्यान आहे. त्याचे नाव 'महाराष्ट्र निसर्ग उद्यान'. नाव चांगलेच आहे, पण त्यात मिठी नाही.

व्यापारी कुटुंबांना या प्रश्नाची झळ इतरांहून अधिक लागते. धान्य, कापड, कागद, औषधे, विद्युत सामान यांची कोठारे बहुधा तळमजल्यावर किंवा तळघरात असतात. घरातील माणसे वरच्या मजल्यावर जाऊन वाचतात, माल मात्र जागचा हलत नाही. गाळा विकत घेताना कागदपत्रे तपासली जातात, रस्त्याची रुंदी मोजली जाते, गिऱ्हाइकांची वर्दळ पाहिली जाते, पण येथून पाणी कोठे जात होते, हे विचारणारा विरळा. समोरच्या कोपऱ्यावरील उद्यानाच्या पाटीवर ओढ्याचे नाव ठळक अक्षरांत असते, तर तो प्रश्न आपोआप मनात आला असता.

सहा उद्यानांचे नामांतर

नावाच्या जोरावर नदीची ओळख परत मिळवण्याचा एक प्रयत्न अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल शहरात झाला. तेथील दुवामिश नदी पूर्वी नागमोडी वाहत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांच्या सोयीसाठी तिचे पात्र सरळ व खोल करण्यात आले. १९१६ मध्ये नव्या जहाज-कालव्यामुळे वॉशिंग्टन सरोवराची पातळी खाली गेली आणि दुवामिशला पाणी देणारी ब्लॅक रिव्हर ही नदी कोरडी पडली. काठावर कारखाने आले. अखेरीस २००१ मध्ये, अत्यंत दूषित स्थळांची जी यादी तेथील केंद्र सरकार करते, तीत या नदीच्या खालच्या भागाचा समावेश करावा लागला.

या नदीकाठी सिएटल बंदराच्या मालकीची छोटी उद्याने होती. त्यांची नावे काय, तर 'टर्मिनल १०७', 'टर्मिनल ११७'! माल उतरवण्याच्या धक्क्यांचे क्रमांकच उद्यानांना चिकटले होते. बंदर प्रशासनाने रहिवाशांकडून नावे मागवली, त्यांवर लोकांचा कौल घेतला आणि २०२० मध्ये सहा उद्यानांचे नामांतर केले. एकाचे नाव 'दुवामिश रिव्हर पीपल्स पार्क', म्हणजे दुवामिश नदीच्या लोकांचे उद्यान, असे झाले. काहींना तेथील मूळ रहिवाशांच्या लुशुत्सीद भाषेतील नावे मिळाली. नावांनी पाणी स्वच्छ झाले नाही. ते काम निराळे, खर्चिक आणि दीर्घ मुदतीचे आहे. परंतु ज्या जागेला धक्क्याचा क्रमांक होता तिला नदीचे नाव मिळाले, आणि ही जागा मुळात कोणाची व कशाची, हा प्रश्न तेथे येणाऱ्या प्रत्येकासमोर उभा राहिला.

दात्याचे नाव की ओढ्याचे?

येथे एक नाजूक प्रश्न उद्भवतो. आपल्याकडे अनेक उद्याने, बाके, पाणपोया व वाचनालये दानातून उभी राहिली आहेत. वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून उद्यान सजले असेल, तर कमानीवरील नाव उतरवणे हे त्या कुटुंबाला दुःखदायक वाटणारच. पेढीच्या नावासाठी पिढ्या झिजतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना नावाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. त्यामुळे दात्यांना विश्वासात न घेता, त्यांची पाटी काढून केलेले नामांतर हे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि दान आणि पाण्याचे नाव यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. पुण्यातच याचे सुंदर उदाहरण आहे. फरासखान्याजवळचा 'बाहुलीचा हौद' एकोणिसाव्या शतकात डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ बांधला आणि तो सर्व जातींच्या लोकांना खुला ठेवला. मुलीचे नाव काशीबाई. घरात तिला लाडाने 'बाहुली' म्हणत. दात्याने स्वतःच्या नावाचा आग्रह धरला नाही, आणि लोकांनी मुलीचे लाडके नाव व पाण्याचे साधन एकाच शब्दांत जोडून टाकले. साततोटी चौक आणि पंचहौद ही नावेही अशीच. कात्रजहून दगडी नळाने पेठापेठांतील हौदांत पाणी येत होते, त्या काळाची खूण ही नावे जपून आहेत. ही नावे ठरावाने आलेली नव्हेत. लोकांच्या नित्य गरजेतून ती रूढ झाली, म्हणून टिकली.

यावरून एक मधला मार्ग सुचतो. उद्यानाचे मुख्य नाव पाण्याचे असावे आणि आतील सभामंडप, चालण्याची वाट किंवा बालविभाग दात्याच्या नावे असावा. देणगीचा उल्लेख दगडावर कोरून कायम राखावा. कुटुंबाच्या संमतीने हे झाले, तर दात्याचे स्मरण पुसले जात नाही. उलट आपल्या वाडवडिलांच्या नावाशेजारी शहराच्या मूळ पाण्याचे नाव आले, याचे समाधान पुढच्या पिढीला लाभते.

दुसरा आक्षेप रोखठोक व्यवहाराचा आहे. पत्त्यात 'ओढा' आला की जागेचा भाव उतरेल, अशी भीती काहींना वाटते. ती अगदीच निराधार नाही. पण जो भाव पुराची शक्यता झाकून मिळतो, तो खरेदी करणाऱ्याची फसवणूक करूनच मिळतो. मालातील खोट गिऱ्हाइकाला आधी सांगावी, हा सचोटीच्या व्यापाराचा जुना नेम आहे. जमिनीच्या व्यवहारालाही तोच नेम लागू व्हावा. आणि जेथे ओढा उघडपणे ओळखला जातो, तेथे त्याचे पात्र साफ ठेवण्याची मागणी करणारे रहिवासीही तयार होतात. अंतिमतः त्या जागेचे हित त्यातच आहे.

नाव कसे शोधावे

नामांतराची मागणी करण्यापूर्वी नावाची खातरजमा आवश्यक असते. गावाचा जुना महसुली नकाशा, नगर भूमापनाची कागदपत्रे, ब्रिटिश काळातील गॅझेटियर आणि परिसरातील वयोवृद्धांची स्मरणे, या चारही ठिकाणी शोध घ्यावा. पुष्कळदा ओढ्याचे नाव एखाद्या वसाहतीत, पुलाच्या उल्लेखात किंवा देवळाच्या नावात दडलेले सापडते. जे नाव मिळेल ते आहे तसे स्वीकारावे. 'आंबील' हा शब्द साधा आहे, घरगुती आहे. त्याला संस्कृत वळण देऊन भारदस्त करण्याच्या मोहात पडू नये. जुन्या नावात जी माहिती असते ती नव्या गोड नावात राहत नाही.

त्यानंतर प्रस्ताव महापालिकेकडे द्यावा लागतो. त्यासोबत रहिवाशांची, व्यापारी संघाची आणि जुन्या दात्यांची लेखी संमती जोडल्यास वाद टळतात. पाटीवर केवळ नाव लिहून थांबू नये. ओढा कोठून येतो, कोठे मिळतो, पूर्वी कोणत्या वाटेने वाहत होता, याचा लहानसा नकाशा तेथे असावा. आपल्याकडे पाटबंधारे खाते नद्यांसाठी निळी व लाल पूररेषा आखते. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा कार्यालयातील नकाशांवर असतात, सर्वसामान्यांच्या दृष्टीस पडत नाहीत. उद्यानातील एखाद्या खांबावर तीच पातळी रंगवून दाखवली, तर शाळकरी मुलालाही पाणी किती उंच येऊ शकते हे कळेल. एवढ्या कामाला फारसा खर्च येत नाही. एखाद्या व्यापारी संघाला किंवा कुटुंबाला तो सहज पेलवेल, आणि ते दान एखाद्या दिवशी कोणाचा जीव वाचवू शकेल.

छोट्या उद्यानात सकाळी ज्येष्ठ नागरिक फिरतात, सायंकाळी मुले खेळतात, दुपारी हमाल व फेरीवाले सावलीत विसावा घेतात. शहरातील सर्व थरांची माणसे जेथे रोज येतात अशा जागा फार थोड्या. नकाशातील ओढ्याचे नाव त्या सर्वांच्या बोलण्यात आणावयाचे असेल, तर उद्यानाच्या पाटीइतकी योग्य जागा दुसरी नाही. प्रभागातील एखाद्या नव्या उद्यानाच्या नामकरणाचा विषय पुढच्या वेळी निघेल, तेव्हा व्यापारी संघाच्या बैठकीत कोणीतरी एवढाच प्रश्न विचारावा: या जागेवरून पूर्वी कोणते पाणी वाहत होते?