गोव्याला जाताना एक रात्र रत्नागिरीत

गोव्याच्या गाडीतून रत्नागिरी नुसती खिडकीतून बघता ना? एकदा उतराच! स्टेशन शहरापासून थोडं लांब आहे, पण रिक्षा मिळते.

सामान टाकून आधी थिबा राजवाडा गाठा. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला पदच्युत केलं आणि पुढच्याच वर्षी इथे आणून ठेवलं. हा जांभ्या दगडाचा, उतरत्या छपरांचा वाडा त्याला मिळाला १९१० मध्ये, म्हणजे जवळपास पाव शतक ताटकळल्यावर. १९१६ मध्ये तो इथेच वारला. समाधीही गावातच आहे. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी अख्खी दिसते.

सूर्यास्ताला रत्नदुर्ग. तिन्ही बाजूंना समुद्र, आत भगवतीचं देऊळ. दुपारी जाल तर कातळ नुसता भाजतो, तेव्हा ऊन उतरल्यावरच चढा. रात्री बांगडा आणि सोलकढी. शाकाहारी मंडळींनी उकडीचे मोदक कुठे मिळतात ते विचारावं.

सकाळी टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान, मग मांडवीची काळी वाळू. आणखी अर्धा दिवस असेल तर गणपतीपुळ्याला आरे-वारे मार्गेच जा. हायवेने जाणाऱ्यांची मला खरंच कीव येते!