वायसरचा काठ काय सांगतो?

हार्डवेअरच्या दुकानातून एक साधं लोखंडी वायसर आणा आणि त्याच्या बाहेरच्या काठावरून नख फिरवा. एका अंगाला काठ किंचित गोलसर लागेल, नख सहज सरकेल. दुसऱ्या अंगाला तो धारदार असेल, नख अडकेल. आता मधल्या भोकाचा काठ तसाच तपासा. दोन्ही काठ एकाच अंगाला गोलसर असतील, तर भोक आणि बाहेरचा घेर बहुधा एकाच ठोक्यात कापला गेला, म्हणजे वायसर कंपाउंड डाय नावाच्या साच्यातून आलं. उलटसुलट असतील, तर आधी भोक पडलं, पट्टी पुढे सरकली आणि पुढच्या ठोक्याला घेर कापला गेला. ही प्रोग्रेसिव्ह डायची खूण.

कारखान्यात पाऊल न टाकता एवढं कळतं. पत्र्याचा प्रत्येक पार्ट आपल्या जन्माची नोंद अंगावर घेऊन बाहेर पडतो. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर इथल्या प्रेस शॉपमध्ये अशा नोंदींचे ढीग रोज लागतात आणि त्यातल्या कितीतरी न वाचताच भंगारात जातात. डायच्या कामातला चांगला सल्लागार किंवा प्रशिक्षक नेमकं काय देतो, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच आहे: तो ही नोंद वाचायला शिकवतो.

पत्रा आधी कापला जातो, मग तुटतो

कात्रीने कागद कापावा तसा पंच, म्हणजे वरून दाबणारा ठोकळा, पत्रा आरपार कापतो, असं आपल्याला वाटतं. भिंगाखाली काठ पाहिला की वेगळंच दिसतं. पंच टेकतो तेव्हा पत्रा आधी दबतो आणि काठाला गोलाई येते. मग पंच आत शिरतो आणि घासून चकचकीत पट्टा तयार होतो. साध्या मऊ पोलादात हा पट्टा जाडीच्या साधारण एक तृतीयांश असतो. पुढे पत्र्याचा धीर सुटतो. पंचाच्या धारेपासून आणि डायच्या धारेपासून दोन तडे निघतात, एकमेकांना भेटतात आणि उरलेली जाडी तुटते. तिथला काठ खरखरीत आणि तिरका असतो. शेवटी राहते ती बारीक धार, म्हणजे बर.

हे दोन तडे नेमके भेटावेत यासाठी पंच आणि डाय यांच्यात ठरावीक फट ठेवावी लागते. तिला क्लिअरन्स म्हणतात. मऊ पोलादासाठी ती प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के असते. म्हणजे १ मिलिमीटर पत्र्याला ०.०५ ते ०.१० मिलिमीटर, जवळपास आपल्या केसाच्या जाडीएवढी. फट फार कमी पडली तर तडे एकमेकांना चुकवतात, काठावर दुसरा चकचकीत पट्टा उमटतो, जोर जास्त लागतो आणि पंच लवकर झिजतो. फट फार मोठी झाली तर पत्रा आत ओढला जातो, गोलाई वाढते आणि बरही वाढते.

आता बरकडे पाहा. ती एकाच बाजूला असेल, तर पंच मध्यावर नाही. सगळीकडे सारखी असून दिवसागणिक वाढत असेल, तर धार बोथट झाली आहे. पहिल्या दोषासाठी डाय धार लावायला पाठवणं म्हणजे रोग पायाला आणि मलम डोक्याला. तरीही रात्रपाळीला बर दिसली की डाय उतरवून ग्राइंडरवर चढवली जाते. प्रत्येक धार लावताना डायचं आयुष्य थोडं कमी होतं. कडक केलेल्या डी-टू पोलादाची डाय किती महाग पडते, हे टूलरूममधल्या माणसाला सांगायला नको.

पत्रा कापायला लागणाऱ्या जोराचं गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. कापायच्या घेराची लांबी गुणिले जाडी गुणिले पत्र्याची कातरशक्ती. १०० मिलिमीटर व्यासाची चकती २ मिलिमीटर जाड पत्र्यातून काढायची आहे. घेर ३१४ मिलिमीटर, कापायचं क्षेत्र ६२८ चौरस मिलिमीटर. दर चौरस मिलिमीटरला ३०० न्यूटन धरले तर सुमारे १,८८,००० न्यूटन, म्हणजे १९ टनांच्या आसपास. या जोराने प्रेसचं धूडही धनुष्यासारखं ताणलं जातं आणि पत्रा तुटताक्षणी सगळा ताण एकदम सुटतो. एमआयडीसीतून जाताना कानावर येणारा तो ‘धाड’ आवाज बराचसा या सुटलेल्या ताणाचा असतो. पंचाच्या धारेला थोडा उतार दिला किंवा अनेक पंचांची उंची मागेपुढे ठेवली, तर तोच जोर थोड्या वेळात वाटला जातो. आवाज उतरतो आणि प्रेसचं आयुष्य वाढतं.

वर्तुळं लंबगोल का झाली?

कापण्याहून अवघड काम ओढण्याचं. जेवणाच्या ताटातली स्टीलची वाटी ही मुळात एक सपाट चकती. पंच तिला डायच्या पोकळीत ढकलतो, कडेचा पत्रा आत वाहत येतो आणि भिंत उभी राहते. कडेला दाब कमी पडला तर सुरकुत्या येतात, जास्त झाला तर वाटी बुडाजवळ फाटते. भारतीय मानक आयएस ५१३ मध्ये पत्र्याच्या प्रती ठरवल्या आहेत. त्यातली ‘ईडीडी’ ही खोल ओढीला उतरणारी प्रत. पण पत्रा चांगला असूनही पार्ट फाटतो तेव्हा वाद सुरू होतो. डायवाला पत्र्याला दोष देतो, पत्रेवाला डायला, आणि दोघं मिळून तेलाला.

हा वाद मिटवण्याची रीत १९६० च्या दशकात सापडली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टुअर्ट कीलर हे धातू ताणल्यावर कुठे हार मानतो याचा अभ्यास करत होते. पत्र्यावर आधी बारीक वर्तुळांची जाळी उमटवायची आणि मग पार्ट काढायचा. जिथे पत्रा ताणला गेला तिथे वर्तुळं लंबगोल होतात. लंबगोलाची लांबी-रुंदी मोजली की कोणत्या दिशेला किती ताण पडला ते कळतं. किती ताणापर्यंत पत्रा टिकतो याचा आलेख कीलर यांनी मांडला आणि १९६८ मध्ये गॉर्टन गुडविन यांनी त्याची दुसरी बाजू पूर्ण केली. या आलेखाने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. पत्रा चहूबाजूंनी ताणला तर बराच टिकतो. एकीकडे ताणला आणि दुसरीकडून आत आला तरी टिकतो. सर्वात लवकर फाटतो तो एकाच दिशेला ताणला जाऊन दुसऱ्या दिशेला जागच्या जागी राहिला तर.

प्रेस शॉपमध्ये याचा उपयोग असा. पार्ट चांगला निघत असतानाच जाळीचा एक पार्ट काढून, मोजून ठेवायचा. पुढे तडा आला की पुन्हा जाळीचा पार्ट काढायचा. ताण पूर्वीइतकाच असून पार्ट फाटत असेल, तर पत्र्याची ताकद बदलली आहे. ताणच वाढला असेल, तर आधी कडेचा दाब, तेल आणि डायची गोलाई तपासायची. वाद दहा मिनिटांत मिटतो आणि कानस कपाटातच राहते. कीलर यांनी पुढे कारखान्यांना सल्ला देण्यात आणि शिकवण्यात बराच काळ घालवला. संशोधकाने स्वतः प्रेसजवळ उभं राहून आपलं ज्ञान कामगाराच्या हाती द्यावं, याचा मला फार आदर वाटतो.

आज हे शिक्षण अधिकच गरजेचं झालं आहे. गाड्या हलक्या करण्यासाठी जास्त ताकदीचं पोलाद आणि ॲल्युमिनियम आलं. वाकवून सोडल्यावर पत्रा थोडा मागे फिरतो, त्याला स्प्रिंगबॅक म्हणतात. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून तितक्याच ताकदीचा पत्रा जवळपास तिप्पट मागे फिरतो. मऊ पोलादावर वीस वर्षं बसलेला हात इथे चुकतो. त्यात त्या हाताचा दोष नाही.

चार तासांची तीन मिनिटं

बाहेरचा सल्लागार आणखी एक गोष्ट पाहू शकतो, ती म्हणजे वेळ. जपानचे शिगेओ शिंगो हे असेच सल्लागार. १९५० मध्ये हिरोशिमातल्या टोयो कोग्यो कारखान्यात ते ८०० टनांच्या प्रेसवर डाय बदलताना पाहत होते. एक बोल्ट सापडेना, म्हणून कामगार तो शोधायला गेला आणि तासाभराहून अधिक वेळाने परतला. तोवर प्रेस उभी. शिंगोंनी कामाचे दोन भाग केले: प्रेस थांबवूनच करावं लागणारं आणि प्रेस चालू असतानाच उरकता येणारं. बोल्ट शोधणं दुसऱ्या भागातलं. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनांच्या प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. या विचाराने ते आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आले. नव्या यंत्रापेक्षा इथे नीट पाहण्याने जास्त काम केलं.

आणि शिकवण्याचा पहिला धडा हातांच्या सुरक्षिततेचा असायला हवा. लहान शेडमधल्या जुन्या पॉवर प्रेसला पिन क्लच असतो. पिन एकदा अडकली की फेरा पूर्ण होणारच, मध्ये थांबवण्याची सोय नाही. मिनिटाला ६० ठोके असतील तर पंच खाली यायला अर्धा सेकंद लागतो. हवेच्या दाबावरचा क्लच असलेली प्रेस मध्येच थांबते, म्हणून तिथे हात आत जाताच प्रेस थांबवणारा प्रकाशपडदा लावता येतो. पण तोही योग्य अंतरावर हवा. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरला आणि प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागले, तर पडदा किमान ४०० मिलिमीटर दूर हवा. जागा वाचवायला तो जवळ आणला, तर तो फक्त शोभेचा उरतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण घालायला सांगितलं. हे गणित त्या कुंपणाला अर्थ देतं.

छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम, हैदराबादची १९६८ पासूनची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन, आयटीआयचा टूल अँड डाय मेकरचा अभ्यासक्रम, शिकण्याची ही दारं उघडी आहेत. तरी दहा-बारा प्रेसच्या शेडमधला मालक म्हणतो, दोन दिवस माणसं शिकायला पाठवली तर ऑर्डर कोण काढणार? त्याची अडचण खरी आहे. त्याला मी आजपासून करता येईल अशी एक सवय सुचवतो. डाय उतरवताना शेवटचा पार्ट आणि शेवटची पट्टी फेकू नका. तारीख घालून ती तारेने डायलाच बांधा आणि मग डाय रॅकवर ठेवा. महिन्याने जो सेटर ती डाय चढवेल, तो आधी तो पार्ट हातात घेईल, काठावरून नख फिरवेल आणि मगच ठरवेल, ग्राइंडर हवा की नको.