केबल किनाऱ्याला लागते तिथे

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये पोर्थकर्नो हा चिमुकला किनारा आहे. एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असे टप्पे घेत मुंबईला लंडनशी जोडणारी केबल जून 1870 मध्ये इथे लागली. तांब्याच्या तारेवर मलायातल्या झाडांच्या चिकाचं, गटापर्चाचं, आवरण होतं. पत्राला आठवडे लागायचे, तिथे निरोप मिनिटांत जाऊ लागला.

सायबरसत्ता म्हटलं की आपल्याला हॅकर आठवतो. मला आधी हा किनारा आठवतो. केबल कोणाच्या भूमीवर उतरते, यात सत्तेचा मोठा वाटा आहे.

5 ऑगस्ट 1914 ला, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर करून काही तास होतात तोच, ‘अलर्ट’ या ब्रिटिश जहाजाने इंग्लिश खाडीतल्या जर्मनीच्या केबल तोडल्या. जर्मनीला परक्यांच्या तारांवर विसंबावं लागलं. जानेवारी 1917 मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांचा मेक्सिकोला युतीचं आमिष दाखवणारा सांकेतिक संदेश अमेरिकेच्याच राजनैतिक तारेतून लंडनमार्गे निघाला आणि ब्रिटिश नौदलाच्या ‘रूम 40’ने तो टिपून उकलला. अमेरिका एप्रिलमध्ये युद्धात उतरली. पाणबुड्यांचे हल्ले हे त्याचं मोठं कारण होतंच, पण जनमत पेटवलं ते या संदेशाने.

आता तांब्याच्या जागी केसासारखे काचतंतू आले. त्यांतून प्रकाश धावतो. वाटेत तो क्षीण होतो, म्हणून ठरावीक अंतरावर प्रवर्धक बसवतात आणि त्यांना वीज किनाऱ्यावरच्या स्थानकातून पुरवतात. याच किनाऱ्यावर प्रकाशाचा लहानसा अंश वळवून घेतला, तर साऱ्या मजकुराची प्रत मिळते आणि मूळ संदेश न अडता पुढे जातो. तोडलेली केबल लगेच कळते, नक्कल कळत नाही. जून 2013 मध्ये अमेरिकी गुप्तवार्ता यंत्रणेतले माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेल्या कागदपत्रांतून ‘टेम्पोरा’ हा टेहळणीचा कार्यक्रम उघड झाला. ब्रिटनची जीसीएचक्यू ही गुप्तवार्ता संस्था तंतूंमधला मजकूर 3 दिवस, आणि कोण कोणाशी कधी बोललं याच्या नोंदी 30 दिवस साठवत होती. यात संशयितांबरोबर सामान्य माणसांचं खासगी बोलणंही ओढलं गेलं, हे मला गंभीर वाटतं. मे 2021 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही अशा सरसकट टेहळणीवरचे ब्रिटनमधले निर्बंध अपुरे ठरवले. टेहळणीवर सरसकट बंदी मात्र घातली नाही.

1997 मध्ये सुरू झालेली ‘फ्लॅग’ ही प्रकाशतंतू केबलही पोर्थकर्नोहूनच निघून मुंबईमार्गे जपानला गेली. मुंबईत उतरणाऱ्या बहुतेक केबल वर्सोव्याच्या थोडक्या किनारपट्टीत एकवटल्या आहेत. त्यांची राखण कोण करतं आणि त्यांतला मजकूर कोणाला पाहता येतो, हे विधिमंडळात आणि संसदेत विचारलं गेलं पाहिजे.