विषाणू गेल्यावरही हृदय का झिजते?

साधा ताप येतो आणि चार दिवसांत उतरतो. काही आठवड्यांनी मात्र जिना चढताना धाप लागू लागते आणि तपासणीत हृदय फुगून दुबळे झाल्याचे आढळते. ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी’च्या काही रुग्णांत या विकाराचे मूळ अशा विषाणुसंसर्गात असते. पण रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचतो, तोवर संसर्ग नेमका कधी झाला हे सांगणे अवघड होते. प्रयोगशाळेतील उंदराच्या बाबतीत तो दिवस ठाऊक असतो. संशोधकांना उंदराची गरज भासते, ती यासाठी.

या अभ्यासात मुख्यतः ‘कॉक्ससॅकी बी-३’ हा विषाणू वापरला जातो. न्यूयॉर्क राज्यातील कॉक्ससॅकी गावावरून त्याच्या कुळाला हे नाव मिळाले. गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी १९४८ मध्ये या कुळातील पहिले विषाणू वेगळे केले, तेही उंदरांच्या नवजात पिल्लांच्या साह्याने.

हा विषाणू टोचल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक जातींच्या उंदरांत हृदयस्नायूंना दाह होतो. पुढे जिवंत विषाणू सापडेनासा होतो. ‘सी ५७ ब्लॅक ६’ जातीचे उंदीर बरे होतात. ‘ए/जे’ आणि ‘बाल्ब-सी’ या जातींत मात्र महिनाभरानंतरही दाह धुमसत राहतो. विषाणू तोच असताना परिणाम वेगळा होतो, कारण आनुवंशिक घडण वेगळी. या उंदरांच्या रक्तात हृदयातील मायोसिन या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील नोएल रोझ यांच्या गटाने १९८७ मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले. विषाणू न वापरता केवळ मायोसिन टोचून त्यांनी तसाच दाह घडवून आणला. शरीराची संरक्षक फौजच घरावर उलटली होती!

मग प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावीत का? उत्तर इतके सरळ नाही. विषाणू स्वतःही हानी करतोच. त्याचे एक विकर स्नायुपेशीचा सांगाडा सावरणारे डिस्ट्रोफिन प्रथिन तोडते, हे १९९९ मध्ये दिसून आले. संसर्गाच्या आरंभी अशी औषधे दिलेल्या उंदरांत विषाणू अधिकच फोफावला. माणसांतही १११ रुग्णांवरील चाचणीत (१९९५) या औषधांचा लाभ दिसला नाही.

अर्थात मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके देणारे उंदराचे हृदय म्हणजे माणसाचे हृदय नव्हे. तरीही घटनांचा क्रम त्यानेच उलगडला. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१३ च्या शिफारशीनुसार, अशी औषधे देण्यापूर्वी हृदयस्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून त्यात विषाणू उरलेला नाही, याची खात्री केली जाते.